थिसिसमध्ये 'मी' चालत नाही: पीएच.डी.च्या पहिल्या वर्षासाठी कवितेची वही

पीएच.डी.ला लागल्यावर सर्वात आधी भाषा बदलते. माझ्या पहिल्या प्रगती अहवालात मी लिहिलं होतं, "मी मुळांची लांबी मोजली." सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, 'मी'वर लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, "मुळांची लांबी मोजण्यात आली." त्यांचं बरोबरच होतं, शास्त्रीय लेखन असंच करतात. पण चार-पाच वर्षं रोज असं लिहीत राहिलं की फोनवर आईशी बोलतानाही तोंडातून "जेवण झालेलं आहे" निघतं. कोण जेवलं, काय जेवलं, एकटीच बसून जेवली का, हे सगळं वाक्यातून गळून जातं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या लॅबची वीज दीड दिवस गेली. डीप फ्रीझरमध्ये ज्वारीच्या मुळांचे बेचाळीस नमुने होते. अहवालात मी लिहिलं, "तांत्रिक कारणास्तव नमुने उपलब्ध होऊ शकले नाहीत." आणि त्याच दिवशी रात्री उरलेल्या लेबलांच्या कागदामागे हे लिहिलं:

बेचाळीस पिशव्या
प्रत्येकीवर माझं अक्षर
आत पाणी

यानं झोप आली असं काही झालं नाही. नमुने तर परत येणारच नव्हते. फरक एवढाच पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या मैत्रिणीनं "काय झालं?" विचारलं तेव्हा, "काही नाही गं, टेन्शन," असं म्हणण्याऐवजी मी तिला पिशव्यांबद्दल सांगू शकले. कविता माझ्या कामाची ठरली ती एवढीच, आणि खाली जे सांगणार आहे तेही याच मापाचं आहे. कवी होण्यासाठी हा लेख नाही. वृत्तं शिकायची असतील, मासिकात कविता छापून आणायची असेल, तर त्याचे रस्ते वेगळे.

हे आपल्या एकट्यालाच होतंय असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून आधी दोन आकडे. २०१८ साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात एक पाहणी छापून आली. २६ देशांतल्या २,२७९ जणांनी तिला उत्तरं दिली होती, त्यांत बहुतेक पीएच.डी.चे विद्यार्थी. मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं ४१ टक्क्यांमध्ये आणि नैराश्याची ३९ टक्क्यांमध्ये दिसली. अशा पाहणीला त्रासात असलेले लोक जास्त उत्तर देतात, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचायचे. पण आदल्याच वर्षी बेल्जियममधल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा नीट आखलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यातही जवळजवळ एकतृतीयांश विद्यार्थी मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं होतं. आपल्याकडची कारणं तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहेत. आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, विषय मांडायचा, दर सहा महिन्यांनी समितीपुढे उभं राहायचं, फेलोशिपचे पैसे येतील तेव्हा येणार, तोवर सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं पैसे घेऊन, कॉलेजात शिकवायचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनी पीएच.डी. पूर्ण करायला घातलेली सहा वर्षांची मर्यादा डोक्यावर आहेच. आणि गावी गेल्यावर एखादे काका हमखास विचारणार, "मग डॉक्टर कधी होणार? आणि सुई देता येईल ना?"

पहिली पायरी: वही कुठली आणि कधी

वही साधी, शाळेतली, ऐंशी-शंभर पानांची घ्या. चामड्याच्या मुखपृष्ठाची सुंदर डायरी कुणी वाढदिवसाला दिली असेल तर ती बाजूला ठेवा, कारण तिच्यात वाईट लिहायची हिंमत होत नाही. लॅबच्या नोंदवहीत तर अजिबात लिहू नका. ती संस्थेची असते, उद्या पेटंटचा किंवा आकड्यांचा प्रश्न निघाला तर ती कुणीही उघडेल. थिसिस ज्या लॅपटॉपवर आहे त्यावरही नको. लिहिता लिहिता बाजूच्या खिडकीत तिसरा चॅप्टर दिसला की संपलं.

वेळ पंधरा मिनिटं. मोबाईलवर गजर लावायचा आणि तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. ही शिस्त लिहिण्यासाठी नाही, थांबण्यासाठी आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल, घटना आणि भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढले. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं नाही, जास्त उदास वाटत होतं. हा भाग सहसा कुणी सांगत नाही. नंतर अशा पुष्कळ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तेव्हा सरासरी फायदा आहे, पण लहान आहे, असं निघालं.

यातून घ्यायचं ते इतकंच की रात्री एक वाजता, खोलीत एकटं असताना लिहायचं नाही. मी मेसच्या जेवणाआधी लिहायचे. साडेसातला वही, आठला ताट. लिहून जड वाटलं तरी लगेच चार माणसांत जाऊन बसावं लागायचं आणि आमटीत मीठ जास्त झालंय यावर मत द्यावं लागायचं.

दुसरी पायरी: पहिला आठवडा 'उदास' शब्दाला बंदी

नवीन लिहिणाऱ्यांच्या पहिल्या दहा कवितांत एकटेपणा, अंधार, वादळ आणि श्वास हे चार शब्द असतात. माझ्याही कवितांत होते. हे शब्द खोटे नसतात, पण ते कुणाचेही असू शकतात, म्हणून त्यांतून तुम्हाला स्वतःबद्दल नवं काही कळत नाही. म्हणून पहिले सात दिवस एकच नियम: भावनेचं नाव घ्यायचं नाही, समोरच्या वस्तूचं घ्यायचं. टेबलावर काय आहे? खिडकीच्या गजाला काय अडकलंय? आज दिवसभरात हाताला काय लागलं?

माझ्या वहीतला त्या आठवड्यातला एक दिवस:

टेबलावर तीन कप
तिन्हींत चहाचे गोल डाग
मंगळवारचा, बुधवारचा, आजचा

यात उदास हा शब्द नाही. पण तीन दिवस कप विसळायलाही उठले नाही, हे मला लिहिल्यावर दिसलं. संशोधनात आपण हेच तर करतो, मत मांडण्याआधी निरीक्षण लिहितो. मातीच्या ओलाव्याबद्दल इतके काटेकोर असणारे आपण स्वतःच्या मनाबद्दल मात्र "बरं नाही वाटत"वर थांबतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. थकलेलं मन 'का'भोवती फिरतं. माझंच असं का होतं, मी इथे आलेच का, बाकीच्यांना जमतं मग मला का नाही. या प्रश्नांना तळ नसतो. 'का' लिहायला लागलात तर तीन पानं भरतात आणि शेवटी तुम्ही सुरुवातीपेक्षा खोल खड्ड्यात असता. 'काय' आणि 'कुठे' लिहिलं की खाली पाय टेकतात. वहीत एखादं वाक्य 'का'नं सुरू झालं तर ते खोडून 'केव्हा'नं सुरू करून बघा. "मला का जमत नाही?" याचं "मला शेवटचं केव्हा जमलं होतं?" झालं की उत्तर लिहिता येतं. दुसऱ्या आठवड्यापासून बंदी उठवा. तोवर भावना वस्तूच्या मागून आपोआप यायला लागलेली असते.

तिसरी पायरी: बोटांवर मोजा

ही माझी सर्वात लाडकी पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

मुक्तछंदात लिहिणं सोपं वाटतं, पण मन सैरभैर असताना मोकळं मैदान भीतीदायक असतं. अशा वेळी कुंपण बरं. आणि मराठीत कुंपण शोधायला लांब जावं लागत नाही, अभंग प्रत्येकाच्या कानात असतो. मोठ्या अभंगाचा हिशेब असा: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. एकूण बावीस अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही.

तुकोबांची ओळ घ्या:

रात्रंदिन आम्हां । युद्धाचा प्रसंग ।
अंतर्बाह्य जग । आणि मन ॥

रा-त्रं-दि-न-आ-म्हां, सहा. यु-द्धा-चा-प्र-सं-ग, सहा. अं-त-र्बा-ह्य-ज-ग, सहा. आ-णि-म-न, चार. प्रसंग-जग हे यमक. गंमत म्हणजे नुसतं मोजायला घेतलं तरी ओळ निराळी ऐकू येते. बाहेर जग आहे आणि आत मन आहे, आणि लढाई दोन्हीकडे आहे. दुष्काळात धंदा बुडालेल्या, घरातली माणसं गमावलेल्या माणसानं ती बावीस अक्षरांत बसवली. शेवटच्या चार अक्षरांवर चाल उतरते, आणि तिथे त्यांनी काय ठेवलंय बघा.

आता तुमची पाळी. विषय मोठा घेऊ नका. आज दिवसभरात जी एक गोष्ट टोचली ती घ्या. माझी पहिली अशी होती:

गाईडचा मेल । आला मध्यरात्री ।
आता नाही खात्री । झोपेचीही ॥

मोजून बघा, बसते. 'गाईड' आणि 'मेल' अभंगात बसले म्हणून कुणी आक्षेप घेत नाही, तुमच्या आयुष्यात जे शब्द आहेत तेच घ्या. दुसरी:

ज्वारीच्या मुळाशी । मी मोजते पाणी ।
माझीच कहाणी । कोण मोजी ॥

ही जरा रडकी आहे, मान्य. शिवाय 'कहाणी' हा शब्द पाण्याच्या यमकानं ओढून आणलेला आहे. पण 'मी मोजते पाणी' हे लिहिताना 'मोजण्यात येते' ऐवजी 'मी मोजते' लिहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझं काम माझं वाटलं.

हे काम का करतं याचं माझ्याजवळ शास्त्रीय उत्तर नाही, अनुभवाचं आहे. अक्षरं मोजताना डोक्याचा बडबडणारा भाग कामाला लागतो. सात झाली, एक कमी करायचं, 'मध्ये'च्या जागी 'आत' चालेल का, या खटपटीत पंधरा मिनिटं निघून जातात आणि त्या वेळात ज्याची भीती होती तोच मेल तुम्ही उलटसुलट करून, चारी बाजूंनी बघून ठेवलेला असतो. आजी स्वेटरचे टाके मोजायची तसं. अक्षरं जुळली नाहीत तर अडून बसू नका. गाथेतही एखादं अक्षर इकडे-तिकडे सापडतं, गाताना ते सावरलं जातं.

ज्यांना मोजणंही नको वाटतं त्यांच्यासाठी ओवी आहे. जात्यावरच्या ओवीत अक्षरांचा धाक नाही, ती चालीवर चालते. पहाटे दळताना बायकांनी सासर, माहेर, भाऊ, दुखणं, सगळं जात्याला सांगितलं. नुसत्या महाराष्ट्रातून संशोधकांनी गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. त्यांच्यापुढे वही नव्हती, वेळही वेगळा काढलेला नव्हता. हात कामात आणि तोंडात ओवी. आमच्या लॅबमध्ये सेंट्रीफ्यूज, म्हणजे नमुने गरागरा फिरवणारं मशीन, वीस मिनिटं घरघरतं, त्या आवाजात मी ओव्या म्हणून बघितल्या आहेत. मशीन छान साथ देतं.

चौथी पायरी: खोडून कविता

काही दिवस एकही शब्द सुचत नाही. तेव्हा नवं लिहू नका, खोडा. स्वतःच्या थिसिसचं एक पान छापा, जाड मार्कर घ्या आणि नको ते शब्द काळे करत जा. क्रम बदलायचा नाही, शब्द वाढवायचा नाही. माझ्या दुसऱ्या चॅप्टरमधलं वाक्य होतं:

"प्रस्तुत प्रयोगात असे आढळून आले की कुंडीतील ओलावा हळूहळू कमी होत गेल्यामुळे रोपांच्या मुळांची वाढ सोळाव्या दिवशी थांबली, तथापि पाने हिरवी राहिली."

खोडल्यावर उरलं:

ओलावा
हळूहळू कमी होत गेल्यामुळे
वाढ थांबली
पाने हिरवी राहिली

हे मीच लिहिलं होतं आणि सहा महिने वाचत होते. समितीचे शेरे, परीक्षकांची पत्रं, विभागाची परिपत्रकं यांवरही हा खेळ होतो. शेऱ्यांच्या कागदावर करताना आधी झेरॉक्स काढा. मूळ प्रत काळी केली तर दुरुस्त्या कशा करणार?

पाचवी पायरी: मोठ्यानं

स्वतःचं असो वा दुसऱ्याचं, दिवसातून एकदा आवाज काढून म्हणा. हॉस्टेलच्या गच्चीवर, बाथरूममध्ये, कुठेही. २००१ साली इटलीतला, तेवीस निरोगी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. तो प्रयोग अभंगाचा नव्हता, पण एका दमात एक ओळ आणि मग श्वास, हा हिशेब आपल्याकडेही तोच आहे. सेमिनारच्या आधी छातीत धडधड होते तेव्हा मी प्रेझेंटेशनची पहिली वाक्यं घोकण्याऐवजी चार अभंग सावकाश म्हणते. वाक्यं तशीही स्लाइडवर असतात.

हात लिहायला तयार नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि घरच्यांनी ते उतरवून ठेवलं, म्हणून आज आपल्याला मिळालं.

सहावी पायरी: महिन्यानं मागे वाचा

ही पायरी गाळू नका. बाकीच्या एखाद वेळी गाळल्या तरी चालतील.

महिना झाला की एका रविवारी दुपारी वही पहिल्या पानापासून वाचा, पण कवी म्हणून नाही, संशोधक म्हणून. हातात पेन्सिल घ्या. झोपेचा उल्लेख आला तिथे फुली, जेवणाचा आला तिथे टिंब, दुसऱ्या माणसाचा आला तिथे गोल. शेवटी मोजा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सव्वीस नोंदी होत्या. फुल्या चौदा, त्यांतल्या बारा न आलेल्या झोपेच्या. टिंबं पाच, पाचही चहाची. गोल दोन. एक सर आणि एक वॉचमन. माझ्या कवितांत आई नव्हती, मैत्रीण नव्हती, रोज जेवायला सोबत बसणाऱ्या मुली नव्हत्या. माणसं भोवती होती, पण आत पोचत नव्हती. ते मला सव्वीस संध्याकाळी कळलं नव्हतं, पेन्सिल घेतल्यावर पाच मिनिटांत कळलं. त्याच आठवड्यात मी विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" आणि मी वही उघडून तारीख सांगितली.

फुल्या वाढत चालल्या, टिंबं कमी होत गेली, किंवा गोल दोन-तीनच राहिले, तर तो निकाल समजा आणि निकालाप्रमाणे पुढे चला. हा कुठला मान्यताप्राप्त मापदंड नाही, माझी घरगुती पद्धत आहे. पण स्वतःच्या हस्ताक्षरातल्या तारखांशी वाद घालता येत नाही.

सातवी पायरी: कट्टा, हवा असेल तर

सगळ्यांनाच दाखवायची गरज नाही. कित्येकांची वही शेवटपर्यंत कपाटात राहते आणि तेच त्यांना बरं पडतं. पण चार-पाच जण मिळाले तर पंधरवड्यातून एकदा बसा. आमचा कट्टा लायब्ररीमागच्या कडुनिंबाखाली भरायचा. इतिहासाचा एक, रसायनशास्त्राच्या दोघी, मराठी विभागाचा एक आणि मी. नियम थोडे होते आणि ते ठरायला तीन भांडणं झाली. वाचणाऱ्याला सल्ला द्यायचा नाही. "वा वा" नाही, दुरुस्ती नाही. मराठी विभागवाल्याला हे फार जड गेलं, त्याला प्रत्येक प्रतिमेवर बोलायचं असायचं. ऐकून झाल्यावर फक्त एवढंच सांगायचं की कुठली ओळ लक्षात राहिली. विभागातले शिक्षक नकोत, कितीही चांगले असले तरी. आणि कट्ट्यावरचं वाचन ग्रुपवर टाकायचं नाही.

याच कारणानं, ताजी कविता लगेच स्टेटसला ठेवू नका. रात्री ठेवलेली ओळ सकाळी वर्गातले विद्यार्थी, मामेभाऊ आणि गाईड असे तिघेही बघतात. आणि मग किती जणांनी बघितलं, कुणी लाइक केलं नाही, हा एक नवा टेन्शनचा विषय होतो. आठवडाभर वहीत मुरू द्या, मग ठरवा.

परदेशात शिकणाऱ्यांना कट्टा मिळणं कठीण. तिथल्या एका मैत्रिणीनं रविवारी व्हिडिओ कॉलवर आमच्या कट्ट्यात बसायला सुरुवात केली. आमची संध्याकाळ, तिची सकाळ. ती म्हणायची, आठवडाभर इंग्रजीत विचार केल्यावर मराठीत सहा अक्षरं जुळवताना जिभेला काहीतरी ओळखीचं लागतं. दिवसाचं काम इंग्रजीत आणि वही मराठीत, ही वाटणी इथल्या विज्ञानवाल्यांनाही चालेल.

कविता कुठे थांबते

आता नीट ऐका. दोन आठवडे सलग, दिवसातला बराचसा वेळ मन खाली असेल, आवडीच्या गोष्टीत रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, साधी कामं होत नसतील, तर तो वहीचा विषय राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जायचं. गोळ्या लागल्या तर घ्यायच्या, थायरॉइडच्या घेतो तशा. जुनी, खोल जखम असेल, लहानपणीची किंवा हिंसेची, तर ती एकट्यानं वहीत उकरू नका. ते काम समुपदेशकाच्या सोबतीनं करायचं असतं.

आणि जगणं नको असे विचार वहीत एकदा जरी उमटले, अगदी 'नुसती ओळ सुचली' म्हणून जरी, तरी ती ओळ त्याच दिवशी एका जिवंत माणसाला सांगा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. क्रमांक १४४१६. तो लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६. धोका अगदी समोर असेल तर ११२, आणि त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. अमेरिकेत असाल तर ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३. कट्ट्यावर कुणी असं वाचलं तर 'ओळ छान आहे' म्हणून सोडून देऊ नका. तिथे सल्ला न देण्याचा नियम मोडायचा. सरळ विचारा, "तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला दार मिळतं.

"कळलं तर करिअरचं काय?" ही भीती मलाही होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, थोडे अपवाद सोडले तर, उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. आणि सहा वर्षांची मर्यादा दगडावरची रेघ नाही. त्याच २०२२ च्या नियमांत पुनर्नोंदणीनं दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन, आणि स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हे कागद पहिल्याच वर्षी वाचून ठेवा. अडचणीत असताना नियम वाचणं होत नाही.

गाईडशी बोलायचं असेल तर कविता नेऊ नका. दोन वाक्यं पुरतात: "सर, तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत. या सहामाहीत मी अमुक एवढंच पूर्ण करू शकेन." 'अमुक'च्या जागी खरंच होईल असं काम सांगा. मी ही दोन वाक्यंही आधी वहीत लिहून, मोठ्यानं म्हणून गेले होते.

कवितेचं मात्र सरांना कळलंच, माझ्याच चुकीनं. तिसरा चॅप्टर पाठकोऱ्या कागदांवर छापून दिला होता. महिन्यानं तो परत आला, नेहमीसारखा लाल. एका पानामागे माझं पेन्सिलीतलं अक्षर होतं:

चॅप्टर तिसरा । तिसऱ्यांदा खोडला ।
चहाही सांडला । पानावर ॥

त्याच्याखाली लाल शाईत, "दुसऱ्या चरणात सात." बाकी काही नाही. त्यांनी पुढे कधी तो विषय काढला नाही, मीही नाही. संध्याकाळी मेसच्या आधी 'आजही खोडला' करून बघितलं. बसलं.